शाळेचं मागचं अंगण

एल चुस्काल,
शनिवार, ८ फेब्रुवारी २०१४

ती. एल्विया मावशीस,
लुस दारीचा सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. चिवा गाडी वाटेत दोनदा चिखलात रुतली. दुसऱ्यांदा आम्ही सगळ्यांनी उतरून ढकलली, तेव्हा कुठे निघाली. यापुढे आपली गाठ पत्रांतूनच. फोनला रेंज येते ती फक्त शाळेवरच्या टेकडीवर, आणि टेकडीवर कुणी जात नाही. का ते पुढे लिहिते. आधी हे, की मी बरी आहे, जेवते, आणि तू दिलेली शाल अंगावरून उतरत नाही.

शाळा म्हणजे एक खोली, पुढे पडवी, वर पत्रा. लढाईच्या दिवसांत अख्खं गाव उठून गेलं होतं. अकरा वर्षांनी निम्मी घरं परत आली आहेत. मोठी मुलं खालच्या गावी जातात. चार ते सहा वर्षांची अकरा माझ्याकडे.

मावशी, ही मुलं धावत नाहीत. सकाळी एका रांगेत येतात. पुढचा जिथे पाऊल ठेवेल, बरोबर तिथेच मागचा ठेवतो. काल पाऊस पडून गेला होता, म्हणून ती आल्यावर मी पायवाट बघितली. अकरा मुलं आली होती, आणि चिखलात एकाच मुलाची पावलं होती. वर्गात बसली की बसली. पेन्सिल घरंगळत गेली तर उठून घेत नाहीत, माझ्याकडे बघतात. पहिल्या दिवशी मी म्हटलं, चला, उड्या मारू. तर सगळ्यांनी खाली बघितलं. पाच वर्षांची नायिबे म्हणून एक आहे, बोलकी. तिने विचारलं, बाई, ही जमीन तपासलेली आहे का.

मागे मोठं अंगण आहे. छातीइतकं गवत, त्यातून डोकं काढलेले फुटबॉलचे दोन खांब, एक पेरूचं झाड. अकरा वर्षांत त्यात माणसाचं पाऊल पडलेलं नाही. सुरुंगाला इथे पायमोडं म्हणतात, आणि तेही हळू आवाजात. नदीकडच्या उतारावर गेल्या वर्षी एक गाय गेली. नायिबेचे आजोबा अर्काद्यो सांगतात, की अंगण साफ आहे, माझं खेचर रोज तिथे चरतं. बाकीचे म्हणतात, खेचराचं नशीब चांगलं आहे, अक्कल नाही.

आता तू सांग. बावीस वर्षं अध्यापक विद्यालयात तू आमच्यासारख्यांच्या डोक्यात एकच गोष्ट ठोकलीस, की जे मूल झाडावर चढलं नाही त्याच्या हातात पेन्सिल ठरत नाही, आणि छप्पर हा बालवाडीचा पहिला शत्रू. तुझी नक्कल करून आम्ही किती हसायचो. तर बाई, या अकरा जणांना छपराखालून बाहेर कसं काढू?

आईला सांग, मी रडत नाही. आशीर्वाद मागते. तुझा लोभ डोंगराच्या या बाजूलाही पोचत राहू दे.

तुझी,
लुस दारी


ला सेहा,
१३ फेब्रुवारी २०१४

चि. लुस दारी हिस,
अ. उ. आ.

तुझं पत्र दोनदा वाचलं. बाहेर काढू नकोस. पडवीच्या पायरीखाली एकाही मुलाचं पाऊल पडता कामा नये, आणि तुझंही. मी वर्गात जे जे बोलले ते सध्या विसर.

बाकं भिंतीला लाव. मधे जागा कर. जाड दोरी वेटोळी करून टाक आणि तीवरून चालायला लाव, आधी पुढे, मग उलटं. पोत्यात मक्याची वाळकी पानं भर, गादी होईल, तीवर उड्या. बाकाखालून सरपटू देत. दोघा-दोघांना पाठीला पाठ लावून उठायला शिकव. यातून खांदे येतात, कंबर येते, हातही येतो. फक्त वेळ लागतो. हसू नकोस, हे सगळं मी करून बघितलेलं आहे.

खेचराच्या भरवशावर शाळा चालवायची नाही, हे त्या अर्काद्योंना माझ्या नावाने सांग.

तुझ्या आईने विचारलं, की पत्र वाचताना माझा चेहरा का उतरला. मी सांधे दुखतात म्हणून सांगितलं. रात्री तुझ्या शाळेचं नाव नकाशात शोधलं, मिळालं नाही. पेरूच्या वड्या पाठवल्या आहेत, मुलांना दे.

हट्ट धरू नकोस. मावशीवर माया असेल तर तेवढं कर.

एल्विया


एल चुस्काल,
शनिवार, १ मार्च २०१४

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

वड्या अकरांत वाटल्या. बारावी मी खाल्ली. तुझ्या दोरीवर आता सगळी चालतात, उलटीसुद्धा. मक्याच्या गादीवर उडी मारायला पहिला आठवडा कुणी तयार नव्हतं. मग मी मारली, शिवण उसवली, वर्गभर पानं झाली, आणि मावशी, मी पहिल्यांदा यांना हसताना ऐकलं. तोंडावर हात ठेवून हसतात. मोठ्याने हसायचीही सवय नाही.

पण तुझं पत्र मला कळलं नाही. बाहेर काढ असं तू सांगशील म्हणून मी घाबरून वाट बघत होते, आणि तू माझ्याहून घाबरलेली निघालीस. आमच्या वेळी तू पावसात मुलांना डबक्यात उतरवायचीस. काय झालं तुला? वय झालं म्हणू नकोस, बासष्ट म्हणजे काही नाही.

बातमी अशी, की सुरुंग काढणारं पथक आलं आहे. आठ माणसं, त्यांत तीन बायका. निळी जाड जाकिटं, तोंडावर काचेचा पडदा. शाळेपासून सुरुवात करायची ठरली. आधी पुढची पडवीलगतची पट्टी, मग मागचं अंगण. लाल खुंट्या ठोकून, पिवळी फीत बांधून, गुडघ्यावर बसून एकेक वीत जमीन तपासतात. एका दिवसात एका माणसाची जेमतेम चटईएवढी जागा होते. त्यांच्यातली यामिले म्हणून माझ्याच वयाची आहे, समुद्राकडची, बोलायला तिखट. तिला विचारलं, भीती वाटत नाही का. म्हणाली, ज्या दिवशी वाटायची थांबेल त्या दिवशी घरी जाईन.

आता ऐक. मुलांना खेळ सापडला आहे. परवा मी पाणी आणायला वळले आणि परत बघते तर अकरा जणं जमिनीवर पालथी, हातात चमचे, फरशी टोकरत हळूहळू पुढे सरकताहेत. नायिबे मागे उभी राहून हुकूम सोडत होती, की श्वास सोडा, घाई करू नका, घरी कोण आहे ते आठवा. तेवढ्यात धाकट्याने चमचा आपटला, तोंडाने मोठा आवाज काढला, आणि सगळी एकदम निपचित पडली. कुणी हसलं नाही. थोड्या वेळाने उठून पुन्हा रांगायला लागली.

तू म्हणायचीस, की मूल ज्याला भितं त्याचा खेळ करतं, आणि खेळू द्यावं. मी खेळू दिलं. पण गुळाचं पाणी हातात तसंच राहिलं, प्यायले नाही.

राग धरू नकोस, आणि खरं काय ते लिही.

तुझी,
लुस दारी


ला सेहा,
६ मार्च २०१४

चि. लुस दारी,
अ. उ. आ.

पट्टी मोकळी झाली तरी लगेच नेऊ नकोस. पथकाचा मोठा साहेब कागदावर सही करून देईल तेव्हाच. सही झाल्यावरही आठ दिवस थांब. नेशील तेव्हा आधी मोज, नंतर मोज, मधे मोज.

तू विचारतेस त्याचं उत्तर मला पत्रात घालता येत नाही. तीनदा लिहायला बसले. हे चौथं पत्र, आणि यातही जमत नाही.

तुझी आई रोज मेणबत्ती लावते. मी टिंगल करायची सोडली आहे.

जपून राहा, एवढंच मागणं.

एल्विया


एल चुस्काल,
शनिवार, १२ एप्रिल २०१४

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

आधी हे वाच: कुणाला काही झालेलं नाही. नायिबेला झालेलं नाही, मला झालेलं नाही. आता सगळं लिहिते.

पुढची पट्टी तीन एप्रिलला सही करून मिळाली. आठ दिवस थांब म्हणालीस, मी पाच थांबले. मंगळवारी सकाळी ऊन पडलं होतं. मुलांना बाहेर आणलं, फेर धरला. पट्टी रुंदीला तीन मीटर, लांबीला पडवीएवढी. तेवढ्यातही एकाने दुसऱ्याला ढकललं, आणि ढकललेल्याला राग आला, म्हणून मला आनंद झाला. फेर संपल्यावर मोजली. दहा.

नायिबे कोपऱ्यापलीकडे होती. आदल्या रात्रीच्या वाऱ्याने मागच्या अंगणाची फीत एका खुंटीवरून सुटून गवतात पडली होती. आत तिच्या आजोबांचं खेचर चरत होतं. ती खेचराकडे निघाली होती. आजोबा रोज सांगतात ना, खेचर उभं असेल तिथे जमीन साफ. अकरा पावलं आत गेली होती. गवतात फक्त तिचं डोकं आणि लाल टोपी दिसत होती.

मी हाक मारली नाही. मारली असती तर ती पळत आली असती. मी फितीपलीकडे उडी टाकायला निघाले, आणि यामिलेने मागून माझी वेणी धरली. खरोखर वेणी. कानाशी म्हणाली, तू आत गेलीस तर मला दोघी काढाव्या लागतील. फितीशी उभी राहा. तिला हलू देऊ नकोस. बाकी माझं काम.

मग मी बोलायला लागले. मावशी, मी इथे मुलांना हलवायला आले होते. त्या दिवशी एक तास चाळीस मिनिटं एका पाच वर्षांच्या मुलीला मी सांगत होते, की हलू नकोस.

यामिले आणि तिचा एक जोडीदार जवळच्या तपासलेल्या वाटेवरून तिच्याकडे सरकत होते. साडेतीन मीटर अंतर. गवताची एकेक काडी कात्रीने कापायची, यंत्र फिरवायचं, सळई तिरकी घालायची, मातीत बोट फिरवायचं, पुढे. सुरुवातीला नायिबेला गंमत वाटली. मग पाय दुखायला लागले. मी म्हटलं, जागच्या जागी उकिडवी बस, टाचा हलवू नकोस. बसली. तिने विचारलं, बाई, खेचर गेलं, मी का थांबायचं. खेचर खरंच निघून गेलं होतं, कुंपणाच्या फटीतून, शेपटी हलवत. मी काय सांगितलं ते मला आठवत नाही. घरी सकाळी काय खाल्लं ते विचारलं. अरेपा. कशाशी. चीज. किती. दीड. अर्धा कुणी खाल्ला. कुत्र्याने. कुत्र्याचं नाव, कुत्र्याच्या आईचं नाव. मला माहीत असलेली सगळी गाणी संपली. ती म्हणाली, शू लागली. मी म्हटलं, तिथेच कर, कुणी रागावणार नाही. तेव्हा ती रडली. सुरुंगाची, गवताची भीती नव्हती तिला. मोठी झाले आणि कपड्यात झाली, याचं रडू होतं.

तिची आई आरासेली मधेच धावत आली. पथकातल्या माणसांनी तिला धरलं. ती ओरडली नाही. माझ्या शेजारी येऊन उभी राहिली, माझा हात धरला, आणि नखं रुतवली. अजून खुणा आहेत. नायिबेकडे बघून हसत होती आणि खाली हाताने मला ओरबाडत होती. मी हात सोडवून घेतला नाही.

यामिले पोचली तेव्हा तिने नायिबेला खांद्यावर टाकलं आणि आपल्याच पावलांवरून उलटी आली. फितीपाशी आरासेलीने मुलगी घेतली. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, की तुमच्या शहरातल्या खेळापायी. आणि गेली.

दुपारी यामिलेने त्याच जागी पुन्हा काम केलं. जिथे नायिबे उकिडवी बसली होती, तिथून दीड हातावर एक प्लास्टिकची बरणी निघाली. शुक्रवारी दुरून तार जोडून ती उडवली. आम्ही सगळे खालच्या वळणावर होतो. मी मुलांना कान झाकायला सांगितलं आणि माझेच झाकायला विसरले.

तू सांगितलं होतंस. मी ऐकलं नाही. आता शाळेत सहा मुलं येतात. नायिबे येत नाही. मी नोकरी सोडून येऊ का, ते सांग. तू सांगशील तसं करीन.

माझ्यावरचा लोभ उडाला असेल तरी उत्तर लिही.

लुस दारी


ला सेहा,
१७ एप्रिल २०१४

चि. लुस दारी हिस,
अ. उ. आ.

लोभ कशाला उडेल. तुझी आई पत्र वाचून चर्चमध्ये जाऊन बसली. मी इथे लिहायला बसले आहे. आज लिहून होईल.

दोन हजार पाच साली माझ्याकडे आमांदा म्हणून एक विद्यार्थिनी होती. वीस वर्षांची, काटक, हसतमुख. सरावासाठी तिला डोंगरातल्या एका गावी पाठवलं होतं. मी पाहणीला गेले. ती मुलांना आत बसवून गोष्टी सांगत होती. गोष्टी छान सांगत होती. दार बंद, सकाळभर कुणी जागचं उठलं नाही. मी विचारलं, बाहेर का नाही. म्हणाली, लोक म्हणतात उतार बरा नाही. मी म्हटलं, लोक तर पावसालाही भितात. मी गाडीची वेळ बघत होते, लुस दारी. नीट विचारलं नाही, कोणते लोक, कशाला बरा नाही. तिच्या वहीत लिहिलं: मुलं सकाळभर बसून होती. पुढच्या पाहणीला मला ती उतारावर दिसली पाहिजेत. गुण, पाचांपैकी तीन.

नवव्या दिवशी तिने मुलांना उतारावर नेलं. नवीन जागी शिक्षिकेने आधी चालायचं आणि मुलांनी मागून, हा माझाच नियम. ती पुढे होती. डावा पाय गुडघ्याखाली गेला. मागच्या नऊ मुलांना खरचटलंसुद्धा नाही.

मला कुणी दोष दिला नाही. चौकशीत वही कुणी मागितली नाही. मी इस्पितळात एकदा गेले. ती शुद्धीत नव्हती, म्हणून खुर्चीवर फुलं ठेवून आले. पुन्हा गेले नाही. दोन वर्षांनी सांधेदुखी सांगून नोकरी सोडली. सांधे माझे तुझ्याहून चांगले आहेत.

तू विचारतेस, सोडून येऊ का. तू फितीशी उभी राहिलीस. मी नऊ वर्षं फितीच्या जवळसुद्धा गेलेले नाही. मी काय सांगणार तुला. पण तू विचारलंस म्हणून सांगते: मुलांना बाहेर नेलंस ही चूक नव्हती. तपासलेल्या जमिनीवर नेलं होतंस. फीत सुटली होती, आणि मोजायला उशीर झाला. या दोन गोष्टींचं काय करायचं ते कर. तिसरी अंगावर ओढून घेऊ नकोस. हे मी स्वतःला सांगू शकत नाही, कारण माझं तसं नव्हतं.

आता तूच ठरव, माझ्यावर माया ठेवायची की नाही.

एल्विया


एल चुस्काल,
३ मे २०१४

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी चार दिवस उशीखाली ठेवलं. पहिल्या दिवशी तुझा राग आला, खोटं कशाला लिहू. तू आम्हाला तो नियम शिकवताना, शिक्षिकेने पुढे चालायचं म्हणताना, दरवेळी खिडकीबाहेर बघायचीस. आम्हाला वाटायचं, शिस्त आहे.

मी येत नाही. इथेच राहते. सोमवारी आरासेलीच्या दारात गेले. तिने आत बोलावलं नाही. मी बाहेरच सांगितलं, की फीत आता रोज सकाळी मी स्वतः तपासते, पथकातला एक माणूस बरोबर असतो, आणि मुलं बाहेर असताना कोपऱ्यावर एका आईने उभं राहावं अशी माझी विनंती आहे. ती म्हणाली, मग मीच उभी राहीन, दुसऱ्या कुणाच्या डोळ्यांचा मला भरवसा नाही. दुसऱ्या दिवशी नायिबेला घेऊन आली, आणि आठवडा संपेपर्यंत बाकीची चारही परतली. माझ्याशी बोलत नाही. कोपऱ्यावर मात्र खांबासारखी उभी असते. अर्काद्योंनी खेचर विकलं.

तू आमांदाकडे जा. मी लहान तोंडी मोठा घास घेते आहे. पण जा.

आशीर्वाद मागते.

लुस दारी


ला सेहा,
१९ जून २०१४

चि. लुस दारी हिस,
अ. उ. आ.

गेले होते. सोन्सोनला असते, तिची स्वतःची बालवाडी आहे. दारापर्यंत दोनदा जाऊन परतले. तिसऱ्यांदा तिनेच खिडकीतून हाक मारली, की बाई, चपला झिजतील, आत या.

मी रचून नेलेलं सगळं विसरले. ती म्हणाली, पहिलं वर्षभर तुमची वाट बघत होते, शिव्या द्यायला. इस्पितळाच्या छताकडे बघून पाठ केल्या होत्या. तुम्ही फार उशीर केलात, आता निम्म्या आठवत नाहीत. मग ज्या आठवत होत्या त्या दिल्या. मी ऐकून घेतल्या. पेल्यातलं चॉकलेट थंड झालं, तिने ते पुन्हा गरम केलं.

नंतर आतून ती वही घेऊन आली. जपून ठेवली आहे. म्हणाली, एक तक्रार राहिली आहे. तुम्ही सांगितल्याप्रमाणे मी मुलांना उतारावर नेलं. गुण का वाढवले नाहीत? मला वाटलं, टोचते आहे. पण तिने पेन पुढे केलं. मी तीन खोडून चार लिहिलं. तिने वही उलटीसुलटी करून बघितली आणि विचारलं, पाच का नाही. मी म्हटलं, त्या सकाळी मुलं खरोखरच बसून होती. ती इतकी हसली, की शेजारीण डोकावून गेली. मी हसले नाही. मला जमलं नाही.

निघताना तिने सांगितलं, की ती नऊ जणं आता तेरा-चौदा वर्षांची झाली. एक फुटबॉल खेळतो, फोटो पाठवतो. मी तिला विचारलं, तू मला माफ केलंस का. म्हणाली, ते मला माहीत नाही बाई, पुन्हा या.

पुढच्या महिन्यात जाणार आहे. अंगण हाती येईल त्या दिवशी तुझ्याकडेही येईन.

इकडची माया तशीच आहे, तिकडची कळव.

एल्विया


एल चुस्काल,
शनिवार, ३० ऑगस्ट २०१४

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

दरड कोसळून रस्ता बंद झाला आणि तुझं येणं राहिलं, याचं मला फार वाईट वाटलं. म्हणून सगळं लिहिते.

दोन ऑगस्टला मागचं अंगण सही करून मिळालं. त्यातून आणखी एक पायमोडं निघालं होतं, पेरूच्या झाडाच्या मुळाशी. त्या झाडावर चढवण्याची स्वप्नं मी फेब्रुवारीपासून बघत होते, तेव्हा तू विचारू नकोस मला काय वाटलं. पथकाची रीत अशी, की मोकळ्या केलेल्या जमिनीवर आधी त्यांनी चालून दाखवायचं. ते चालले नाहीत, फुटबॉल खेळले. यामिलेने दोन गोल मारले आणि गवतात लोळली. गाव पायवाटेवर उभं राहून बघत होतं. टाळ्या वाजवल्या. आत कुणी आलं नाही.

सोमवारी मी मुलांना घेऊन गेले. नियमाप्रमाणे पुढे मी. मी ठरवलं होतं, की खांबापर्यंत धावून दाखवायचं, मग येतील. तर मावशी, माझेच पाय उचलेनात. कागद खिशात होता, मी स्वतः माणसांना तिथे लोळताना बघितलं होतं, आणि पाठीवरून घाम चालला होता. चालत गेले. मागे वळून बघितलं तर अकराही जणं माझ्या पावलांवर पावलं ठेवत आली होती. आम्ही खांबाला हात लावला आणि त्याच पावलांवरून परत आलो.

तीन आठवडे असंच चाललं. रोज रांगेने जायचं, रांगेने यायचं. गवतात आमची एकच वाट पडली, दोरीसारखी. मी त्यांच्याहून शूर नाही, हे मला आता माहीत आहे, त्यामुळे घाई करायला तोंड उरलं नव्हतं. आरासेली कोपऱ्यावर उभी असायची. रात्री मला ती बरणी दिसायची. अजून दिसते. उताराकडचं काम पथकाने कालपासून सुरू केलं आहे. तिथे पुढचं वर्ष जाईल.

गेल्या बुधवारी मधल्या सुट्टीत एका पोराने नायिबेची लाल टोपी ओढली. बाकी काही नाही, नुसता द्वाडपणा. टोपी घेऊन तो वाट सोडून गवतात शिरला. आणि ती त्याच्या मागे. कोपऱ्यावर आरासेलीने दोन्ही हात तोंडावर नेले. पेरूच्या झाडाला वळसा घालून, खांबांच्या मधून, पुन्हा झाडाकडे. त्याच्या बापाला, आजाला, टोपीला, सगळ्यांना शिव्या देत. मग तिसरं पोर निघालं, चौथं निघालं. कुणाच्या पावलांवर कुणाची पावलं नव्हती. मी मोजत होते. अकरा, अकरा, अकरा. मग ती सगळी इतकी मिसळली, की मोजता येईना.

नायिबे दगडाला ठेचकाळून पडली, गुडघा फुटला, भोकाड पसरलं. मी पोचेपर्यंत टोपी परत मिळाली होती आणि ती पुन्हा धावत होती.

आरासेली त्या दिवशी मुलीला घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळा उघडायच्या आधी पायरीवर उभी होती. एप्रिलनंतर पहिल्यांदा माझ्याशी बोलली. म्हणाली, बाई, तुमचं लक्ष कुठे असतं. गुडघा बघा, केवढा सोलला आहे. रविवारचा परकर होता, तो फाटला, आता शिवणार कोण. पोरांना आवरता येत नसेल तर बालवाडी घेऊन बसू नये. शहरात असंच शिकवतात वाटतं. पाच मिनिटं बोलत होती. मी मान खाली घालून उभी राहिले. म्हटलं, चुकलं, पुन्हा असं होणार नाही. ती म्हणाली, होणार नाही काय, होणारच, मुलं आहेत ती. आणि कोपऱ्यावर जाऊन उभी राहिली.

मी वर्गात गेले, दार लावलं, आणि मक्याच्या गादीत तोंड खुपसून बसले. मुलांनी दार वाजवलं तेव्हा उठले.

रस्ता मोकळा झाला की ये. परकर शिवायचा आहे, आणि मला शिवता येत नाही. तुझा लोभ आहेच, तो येताना घेऊन ये.

तुझी,
लुस दारी